शेवटच्या खाटेचे ग्रेडर

आमच्याकडे पोळ्यांची चवड पुढं आली की डोमाजी लांजेवार वरची पोळी घेत नाहीत. दोन बोटांनी चवड उचलतात, सगळ्यात खालची पोळी ओढून काढतात, उजेडात धरून बघतात आणि मगच खातात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. खालची पोळी सकाळची होती. तेव्हापासून डोमाजी जेवायला येणार असले की ती चवड उलटी लावते. ताज्या खाली, सकाळच्या वर. वरच्या माझ्या पानात पडतात.

"वरचं पोतं दाखवाले असते, मास्तर," डोमाजी मला समजावतात. "खायाले खालचंच येते."

डोमाजी आमचे शेजारी. साकोलीला आमच्या घरांमध्ये एक भिंत आणि एक सीताफळाचं झाड आहे. झाड माझ्याकडे, सीताफळं त्यांच्याकडे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी धान खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. शेतकऱ्यानं गाडीभर धान आणायचं आणि यांनी परखी पोत्यात खुपसायची. परखी म्हणजे टोकदार, खाच पाडलेली लोखंडी सळई; ती पोत्याच्या पोटातलं चिमूटभर धान बाहेर आणते. त्यातला एक दाणा डोमाजी दाढेखाली धरत. 'कट' वाजलं तर वाळलेलं, 'पच' वाजलं तर ओलं. पुढं ओलावा मोजायचं यंत्र आलं, पण यंत्राचा आकडाही ते दाढेवर तपासून घेत. थप्पीतलं वरचं पोतं त्यांनी जन्मात उघडलं नाही. "खालचं काढा" म्हणत. खालचं काढायला अख्खी थप्पी मोडावी लागे, आणि गाडीवाले डोमाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पोती उतरवत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी सख्ख्या सासऱ्याची गाडी नापास करून परत पाठवली. सगुणाबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ही गोष्ट डोमाजी आजही छाती फुगवून सांगतात. त्यात फुगण्यासारखं काय आहे, हे मला कधी कळलेलं नाही.

मी स्वतः हायस्कुलात गणित शिकवतो. मी आजवर कोणालाही नापास केलेलं नाही. आधी मन होत नव्हतं, नंतर वरून परवानगी नव्हती. म्हणूनच आमचं दोघांचं जमत असावं. ते जगाला नापास करतात, मी मागून ग्रेस मार्क देत जातो.

निवृत्त झाल्यावर त्यांचं केंद्र सुटलं, ग्रेडिंग सुटलं नाही. सदऱ्याच्या खिशात मूठभर धान कायम. एक दाणा तोंडात टाकायचा, दातांनी सोलायचा, तूस थुंकायचं, तांदूळ चावायचा. बोलता बोलता ते मध्येच थांबले तर समजायचं, दाणा सोलणं चालू आहे. बाजारात वांग्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, त्यामुळे भाजीवाल्या बाया त्यांना लांबून पाहिलं तरी ढिगावर आडव्या होतात.

माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं होतं. मुलगा समोर बसला होता, चांगला शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. डोमाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लघवीले जाऊन येतो" म्हणून आत गेले ते अर्धा तास बेपत्ता. शेवटी मागच्या खोलीतून आले आणि चार लोकांत म्हणाले, "पोरगा पास. मागं त्याची आजी झोपली हाय. म्हातारीची नखं काढलेली हायेत. इचारलं कोन काढते, तं म्हने नातू." मुलाकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो. पण लग्न जमलं, आणि जावई खरोखर चांगला निघाला. हे मी डोमाजींना कधी सांगितलेलं नाही, नाहीतर ते तालुकाभर नखं तपासत फिरतील.

सहा वर्षांपूर्वी सगुणाबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांच्या मेहनतीनं दोन शब्द परत आले, 'पानी' आणि 'नोको'. तिसरा शब्द नवऱ्याच्या संगतीनं आला. एका सकाळी डोमाजींनी तांदळाची पेज केली आणि तीत मीठ घालायचं विसरले. सगुणाबाईंनी एक घोट घेतला, होतं त्याहून तोंड वाकडं केलं आणि खणखणीत म्हणाल्या, "नापास."

डोमाजी वाटी-चमचा घेऊन तसेच धावत आमच्याकडे आले. "मास्तर, बोलली! मले नापास केलं तिनं!" त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे वाटणारा माणूस मी शिक्षक असूनही पहिल्यांदाच पाहिला.

सहा वर्षं त्यांनी एकट्यानं बायकोचं सगळं केलं. मुलगी एकच, सुरतेला; तिच्या घरात तिचेच सासूसासरे अंथरुणाला खिळलेले. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत, सगुणाबाईंची कूस बदलायची म्हणून डोमाजी दर दोन तासांनी गजर लावत. तो भिंतीपलीकडून मलाही ऐकू येई. झोप मोडते म्हणून मी सुरुवातीला कुरकुर केली, याची आता लाज वाटते.

यंदा डोमाजींचा हर्निया निघाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी महिनाभरात ऑपरेशन करायला सांगितलं. आणि नंतर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

"अन् बायको?" डोमाजींनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले. मी खुलासा केला. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्यासाठी दुसरी व्यवस्था करा, काकाजी. नाहीतर तुम्ही दोघंही खाटेवर पडाल."

दुसरी व्यवस्था म्हणजे आधी घरी बाई ठेवून पाहिली. आठवड्यात तीन बायका आल्या आणि तिघीही नापास झाल्या. एकीनं चादरीची सुरकुती मोडली नाही, दुसरीचा हात थंड होता. तिसरी स्वतःच हात जोडून निघाली. "काकाजी, तुमाले बाई नाई, दुसरा डोमाजी पायजे. तो मी कोठून आनू?" म्हणाली. मग उरलं ते एकच. म्हाताऱ्या, आजारी माणसांना ठेवून घेणारं एखादं घर शोधायचं, तेही महिन्याच्या आत. अशी घरं आता आपल्याकडंही निघाली आहेत. पोरं पुण्याला आणि परदेशात, आईबाप इकडं धानाच्या बांध्यांपाशी. कोणीतरी त्यांना कुशीवर वळवायला हवंच ना.

मला वाटलं, एका रविवारी उरकेल. माझ्या गाडीतून आम्ही निघालो. डोमाजींच्या पिशवीत वही, टॉर्च, पाण्याची बाटली आणि परखी.

"परखी कायले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"हातात काही नसलं तं मले पाहाले जमत नाई."

पहिलं ठिकाण हायवेवर. समोर कारंजं, काचेचं दार, दारात वर्दीतला चौकीदार. त्यानं पिशवी तपासली, परखी बाहेर काढली आणि रजिस्टरात 'एक नग हत्यार' अशी नोंद करून जमा केली. डोमाजी आत आले ते आधीच चिडून. मॅनेजर टाय लावलेला होता. त्यानं आम्हाला गुलाबाचं एकेक फूल दिलं आणि भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. टेबलावर एक यंत्र होतं. 'आमची सेवा कशी वाटली?' खाली तीन बटणं. हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा. डोमाजींनी सरळ रडका चेहरा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग हसरा दाबला, तर यंत्रातून टाळ्या वाजल्या.

"रडकं बटन मुकं हाय," त्यांनी वहीत लिहिलं.

"सर, आमच्या केअरची क्वालिटी एकदम इंटरनॅशनल आहे," मॅनेजर म्हणाला. "आधी आपण गार्डन बघू."

"गार्डनात कोन झोपते?"

"कोणी नाही."

"मंग शेवटची खोली दाखवा. शेवटची खाट."

शेवटच्या खोलीत शेवटच्या खाटेवर एक आजीबाई होत्या. डोमाजी त्यांच्याशेजारी टेकले, विचारपूस केली, मग अंगठा हलकेच त्यांच्या ओठांवरून फिरवला. धानाचा दाणा बघावा तसा स्वतःचा अंगठा उजेडात पाहिला. ओठ कोरडे, पापुद्रे निघालेले. मग टाचा पाहिल्या, पाठीखाली हात घातला. शेवटी उशाशी लटकणारी घंटी दाबली, आणि खिशातून धान काढून सोलायला लागले. एक दाणा, दोन दाणे. मॅनेजरला कळेना हे काय चाललंय. घंटी दाबल्यापासून माणूस येईपर्यंत किती दाणे सोलून होतात, हे डोमाजींचं माप. चाळीस दाणे झाले. खिसा रिकामा झाला. कोणी आलं नाही.

"आज स्टाफ ट्रेनिंगला गेलाय, सर."

"कायच्या ट्रेनिंगले?"

मॅनेजर जरा घुटमळला. "तत्पर सेवेच्या."

डोमाजींनी आपल्या बाटलीतलं पाणी आजीबाईंना पाजलं. त्यांनी एका दमात अर्धी बाटली संपवली. बाहेर येताना डोमाजींचा चेहरा लाल झाला होता. "ओठ खोटं बोलत नाई, मास्तर. कारंजं घंट्याभरात सुरू करता येते. ओठ नाई." आतला माणूस तहानलेला आणि दारात पाणी उडतंय, हे मी येताना चांगलं म्हणून बघितलं होतं. हसरं बटण मी दाबलंच असतं.

दुसरं ठिकाण एका ट्रस्टचं. तिथं आम्ही शिरताच ओळीनं बसलेल्या दहा-बारा म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि एका सुरात म्हटलं, "आम्ही इथं आनंदात आहोत." पहिलीच्या वर्गात साहेब आले की पोरं म्हणतात, अगदी तसंच. भिंतीवर फळवाटपाचे फोटो होते. प्रत्येक फोटोत पुढारी वेगळे, म्हातारे तेच, आणि मला शंका आहे, केळीही तीच. एका आजोबांनी हळूच माझी बाही ओढली. "केळं खायाचं का फोटोले धराचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज केळं नाहीच. त्यांनी हात खाली घेतले.

तोवर डोमाजी शेवटच्या खोलीकडे निघून गेले होते. थोड्याच वेळात तिकडून त्यांचा आवाज चढला. धावत गेलो तर खोलीत एकच खाट, वर कूलर, आणि खाटेवर एक स्थूल म्हातारे गाढ झोपलेले. डोमाजी त्यांच्या पायाशी टॉर्च धरून उभे.

"पाहा मास्तर! टाचा कशा फाटल्या! ओठ पाहा! नखं पाहा! घोरून राहिला तं कोनी कूसही बदलत नाई!" आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी त्या माणसाच्या पाठीखाली हात घालून त्याला शास्त्रशुद्ध डाव्या कुशीवर वळवलं.

ते ट्रस्टचे अध्यक्ष निघाले. जेवल्यावर ते रोज तिथं आडवे होत, कारण संस्थेत कूलर तेवढा एकच होता. जागे झाल्यावर त्यांनी डोमाजींना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी माफी मागत होतो. डोमाजी मात्र शांतपणे म्हणाले, "अध्यक्षाचीच एवढी हयगय, तं बाकीच्याईचं काय असन!" आणि वहीत लिहिलं, नापास.

असे तीन रविवार गेले. सहा ठिकाणं झाली, सहाही नापास. ऑपरेशन नऊ दिवसांवर आलं. डोमाजी आता चालताना पोटाला हात लावून चालत होते. मी चिडलो. म्हटलं, "डोमाजी, जगात शंभर नंबरी धान नसतंच. तुम्हाला जागा शोधायचीच नाही. तुम्हाला नापास करायचंय फक्त!"

ते बराच वेळ दाणा सोलत राहिले. मग म्हणाले, "पास केलं तं तिले सोडून याव लागन ना, मास्तर."

मी गाडीची किल्ली घेतली.

सातवं ठिकाण पवनीचं. जुनं बाळंतपणाचं नर्सिंग होम होतं ते. पाटीवरचं 'प्रसूतिगृह' खरवडून काढलेलं, पण नीट वाचता येत होतं. ज्या खाटांवर अर्धं गाव जन्मलं त्याच खाटांवर आता अकरा म्हातारी माणसं. चालवणाऱ्या शेवंताबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. ढिवराच्या घरच्या; त्यांचा दीर वैनगंगेतून मासे आणून देई. कारंजं नाही, गुलाब नाही, काचेचं दार नाही. आम्हाला बसायलाही त्यांनी सांगितलं नाही, कारण त्या एका आजोबांना भरवत होत्या.

डोमाजी शेवटच्या खाटेकडे गेले. ओठ ओले. टाचा मऊ. उशाशी घंटीच्या जागी स्टीलची वाटी आणि चमचा. त्यांनी वाटी वाजवली. तिसरा दाणा सोलून व्हायच्या आत शेवंताबाईंची सून आली. डोमाजींनी खाटेखाली टॉर्च मारला. माशाचा रस्सा मागून घेतला आणि त्यात बोटं घालून काटा शोधला. एकही निघाला नाही. डोमाजींचा चेहरा पडत चालला होता. मी एवढ्या परीक्षा घेतल्या, पण पेपर बरोबर निघतोय म्हणून परीक्षक रडकुंडीला आलेला पाहिला नव्हता.

"पाहून झालं असन तं पेशंट घेऊन या," शेवंताबाई म्हणाल्या. "आधी मी पाहीन. मीबी कोनालेई घेत नाई."

डोमाजी चमकले. त्यांना कोणी तपासेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंना गाडीत मागं आडवं घालून पवनीला नेलं. शेवंताबाईंनी त्यांना खाटेवर घेतलं आणि कामाला लागल्या. ओठांवरून अंगठा फिरवला. टाचा पाहिल्या. बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग कुशीवर वळवून पाठ उघडी केली, कंबरेचं हाड दाबलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. डोमाजी भिंतीला टेकून उभे. बोर्डाच्या निकालाला पोरं उभी राहतात तसे.

"किती वर्स झाले म्हनता?"

"सहा."

"कोन करते हिचं?"

"मी."

"अजून कोन?"

"कोनी नाई. मीच."

शेवंताबाईंनी पदर सारखा केला, चष्मा काढला. "सहा वर्सांत पाठीवर एक डाग नाई," त्या म्हणाल्या. "मी सप्पा जिंदगी दवाखान्यात काढली, भाऊ. असं नाई पाहिलं."

डोमाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी पुढं झालो नाही. सहा वर्षांत त्यांना कोणी शाबासकी दिली नव्हती, आणि शेजारी असून मीही दिली नव्हती.

"पन आयका," शेवंताबाई पुढं म्हणाल्या. "माह्याकडं असं होनार नाई. आमी दोघी अन् अकरा मानसं. दोन घंट्यानं कूस बदलतो, पन एखांद्या वक्ती चुकते. लाली येऊ शकते. मंग म्हनजा नोका का सांगतलं नाई."

डोमाजींनी डोळे पुसले आणि वळले. "मास्तर," ते म्हणाले, "एवढी वर्सं ग्रेडर होतो. आपल्या पोत्यातला खराब दाना सोताहून काढून दाखवनारं मानूस आज भेटलं." वही काढली. नापास लिहून लिहून सवय झालेला हात जरा थबकला. मग त्यांनी लिहिलं, पास.

एवढं सगळं झाल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, शेवटच्या खोलीत एक खाट मोकळी आहे. तर डोमाजी हात जोडून म्हणाले, "नाई, नाई. शेवटची नोको. दारापाशीची द्या. येता-जाता सप्प्याइची नजर पडते." जन्मभर वरच्या पोत्याला नावं ठेवणारा माणूस बायकोसाठी वरच्याच पोत्याची जागा मागत होता. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "तुमी गाडी काढा."

निघताना सगुणाबाईंनी डाव्या हातानं त्यांची बाही धरून ठेवली. "नोको," म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. डोमाजींनी बोटं एकेक करून सोडवली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डोमाजी घरी आले. माझी बायको दोन्ही वेळा डबा पाठवी, आणि डबा जवळपास तसाच परत येई. पोळ्यांची चवडही न विसकटलेली, खालची पोळी खालीच. "पोटाले जमत नाई," म्हणत. दाढी वाढली. खिशातलं धान संपलं तर पुन्हा भरलं नाही. गजर मात्र भिंतीपलीकडं दर दोन तासांनी वाजतच राहिला. आता कोणाची कूस बदलायची होती? मी एकदा विचारलं, तर "सवय" एवढंच म्हणाले. मी पुन्हा कुरकुर केली नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. वही, टॉर्च, बाटली. परखीही. खिशात ताजं धान. "अचानक जाऊन पाहाचं, मास्तर. सांगून गेलं तं सप्पेच तयारी करते." वाटभर त्यांनी काय काय तपासायचं ते मला ऐकवलं. ओठ, टाचा, पाठ, घंटी. सगुणाबाईंना काही झालं असलं तर त्या बाईला सोडणार नाही, असं तीनदा म्हणाले.

सगुणाबाई दारापाशीच्या खाटेवर टेकून बसल्या होत्या. केसांना तेल, घट्ट वेणी, अंगावर धुतलेलं लुगडं. नवरा दारात दिसला तशा त्या टक लावून बघत राहिल्या. डोमाजी जवळ गेले, खाटेच्या कडेला बसले, पिशवी खाली ठेवली. नेहमीप्रमाणे त्यांचा अंगठा बायकोच्या ओठांकडे गेला.

सगुणाबाईंनी तो हात मध्येच धरला आणि बाजूला केला. मग स्वतःचा डावा हात सावकाश वर नेला. त्यांच्या वाढलेल्या दाढीवरून फिरवला, बसलेल्या गालांवरून फिरवला, आणि अंगठा त्यांच्या ओठांवर ठेवला. ओठ कोरडे होते, मधोमध चिरलेले. अंगठा तिथंच थांबला.

"नापास," सगुणाबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डोमाजींनी मान खाली घातली. "बरोबर हाय," ते म्हणाले.

सगुणाबाईंनी उशाशेजारची वाटी वाजवली. शेवंताबाईंची सून लगेच आली. "पानी," सगुणाबाई तिला म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. पाणी आलं. डोमाजींनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि बायको बघत असताना सगळं पाणी पिऊन टाकलं.